चार धावांचा अबोला

टेलरमास्तरांच्या दुकानात माप द्यायला गेलेला माणूस परत येणार याची घरच्यांना खात्री असायची, पण कधी येणार ते कोणी सांगू शकायचं नाही. मास्तर माप घेता घेता क्रिकेटवर यायचे, क्रिकेटवरून पावसावर घसरायचे, आणि एकदा पावसावर आले की गिऱ्हाइकाची सुटका नाही. टेप त्याच्या छातीभोवती आणि टेपची दोन्ही टोकं मास्तरांच्या मुठीत. पळणार कुठे?

"समजा, वीस ओव्हरची मॅच आहे," मास्तर सुरुवात करायचे.

"मास्तर, बाहीचं माप राहिलंय."

"बाही कुठे पळून जात नाही. वीस ओव्हरची मॅच. पहिल्या संघाने केल्या एकशे चाळीस. दुसरा संघ खेळतोय, बारा ओव्हर झाल्या आणि आला पाऊस. मैदानाचं तळं झालं. आता सांगा, जिंकलं कोण?"

गिऱ्हाईक बिचारं हात वर धरून उभं. ते म्हणायचं, "ज्याची सरासरी जास्त, तो."

मग मास्तरांच्या चेहऱ्यावर असं दुःख पसरायचं की गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण यांच्या घरातल्या कोणाला तरी काहीतरी बोललो. "अहो, सरासरीवर चाललं असतं तर सहा गडी बाद झालेला संघ आणि एकही बाद न झालेला संघ सारखेच की! संघाकडे खर्चायला दोन गोष्टी असतात. शिल्लक ओव्हर आणि हातातल्या विकेट. कापड आणि दोरा. दोरा रीळभर आहे आणि कापड वीतभर, तर शर्ट होतो? कापड तीन मीटर आहे आणि दोराच नाही, तर होतो? दोन्ही मिळून किती उरलंय ते बघायला तक्ता असतो. शंभरातून उरलेले टक्के वजा करा, म्हणजे वापरलेले निघाले. जितके टक्के वापरले, तितके टक्के पहिल्या संघाच्या धावांचे काढा. तेवढ्याच केल्या असतील तर बरोबरी. एक जास्त, तर जिंकले. एक कमी, तर हरले. मागे वळा, पाठ मोजतो."

हे गणित जगात डकवर्थ-लुईस या नावाने ओळखलं जातं. बाजारपेठेत मात्र ते टेलरमास्तरांचंच होतं. डकवर्थ-लुईस हा एकच माणूस असून तो मास्तरांकडे कपडे शिवायला टाकतो, असं समजणारे दोघं-तिघं तरी पेठेत सापडले असते.

मास्तर मुळात खेळाडू. निदान त्यांचा तसा समज होता. दरवर्षी पेठेतले दुकानदार विरुद्ध वाहनवाले असा एक सामना व्हायचा. वाहनवाले म्हणजे गॅरेजवाले, ट्रकवाले, टायरवाले आणि ड्रायव्हिंग शिकवणारे. पहिल्या वर्षी मास्तर पहिल्याच चेंडूवर बाद झाले. दुसऱ्या वर्षीही पहिल्याच. तिसऱ्या वर्षी तर एकही चेंडू न खेळता धावबाद होऊन आले. तेव्हा चपलांच्या दुकानदाराने, म्हणजे पेठेच्या कप्तानाने, त्यांना प्रेमाने बाजूला घेतलं आणि हातात वही दिली. "तुमचं अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला. मास्तरांना पहिल्यांदा राग आला, मग वही उघडली, आखलेले रकाने बघितले आणि त्यांचा जीव रमला. रकान्यात ठिपका द्यायचा म्हणजे काजाला टाका घालण्याइतकंच नाजूक काम. त्या दिवसापासून मास्तर स्कोअरर झाले ते झालेच. हौशी संघांच्या संघटनेकडून त्यांनी वीस ओव्हरच्या सामन्यांचा छोटा तक्ता मिळवला आणि मग तर पंचसुद्धा त्यांच्याकडे बघून बोट वर करायला लागले.

पुढे पुढे या गणिताने घरातही पाय पसरले. एकदा दुपारी तीन तास वीज गेली. संध्याकाळी शाळेतले गुरुजी तीन शर्ट न्यायला आले, तर मास्तरांनी दोन शर्ट पुढे केले. तिसऱ्याला एकच बाही. "खेळ थांबला होता," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "सुधारित लक्ष्य दोन शर्ट आणि एक बाही. आम्ही ते गाठलंय." बायको तरी काय कमी? तिने एक दिवस ताटात नुसते उकडलेले बटाटे वाढले आणि म्हणाली, "गॅस संपला. हातात एकच विकेट होती." मास्तरांनी मूग गिळून बटाटे खाल्ले. नियम तो नियम.

आता साडूविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला दिलेली. शिकवताना दर दोन मिनिटांनी "क्लच! क्लच!" म्हणून ओरडतो म्हणून सगळं गाव त्याला क्लचसर म्हणायचं. मास्तर बारीक, मऊ बोलणारे. क्लचसर दांडगा, घरातही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हाक मारावी तसा बोलणारा. पण दोघांचं मेतकूट असं जमलेलं की दोघी बहिणींना हेवा वाटावा. त्याला कारण सासरे. सासऱ्यांचं तरुणपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, आणि ते दर रविवारी दोन्ही जावयांना समोर बसवून ती कथा सांगायचे. पहिल्या कळेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, दीड तास. "आणि मग डॉक्टरच घाबरला," या वाक्याला सासरे आले की टेबलाखाली साडू मास्तरांच्या पायावर पाय द्यायचा आणि मास्तरांना हसू दाबताना ठसका लागायचा. सासरे म्हणायचे, "बघा, ऐकून याच्याच घशात कळ आली." जगात साडूइतका समदुःखी माणूस दुसरा नसतो, हे त्या दोघांना न बोलताच कळत होतं.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीचा तो सामना झाला.

पेठेने एकशे चाळीस केल्या. वाहनवाल्यांच्या बारा ओव्हरमध्ये सहा बाद एकोणनव्वद. साडू एक्केचाळीसवर नाबाद, आणि असा पेटलेला की मैदानाच्या कडेला उभी असलेली स्वतःचीच गाडी त्याने दोनदा चेंडूने ठोकली होती. तेवढ्यात पाऊस कोसळला. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये धावले. अर्धा तास, एक तास, पाऊस हटेना. खेळपट्टीवर बेडूक आले.

साडू पाणी निथळत टेबलापाशी आला. "सोपं आहे," तो म्हणाला. "ओव्हरला सातची सरासरी. बारा साते चौऱ्याऐंशी. आमच्या एकोणनव्वद. पाच धावांनी जिंकलो."

मास्तरांनी शांतपणे तक्ता काढला. हा तक्ता त्याच्या आदल्या वर्षी दोन कप्तानांच्या ओढाताणीत उभा फाटला होता. चिकटपट्टी लावणं मास्तरांना कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी तो चक्क मशीनवर शिवला होता, पांढऱ्या दोऱ्याने, बारीक टाक्यात. लोक तो हातात घेऊन शिलाई बघायचे आणि वा म्हणायचे.

मास्तरांनी बोट फिरवलं. शिल्लक ओव्हर आठ, गेलेल्या विकेट सहा. "उरले तेहेतीस टक्के. म्हणजे वापरले सदुसष्ट. एकशे चाळीसचे सदुसष्ट टक्के त्र्याण्णव पॉइंट आठ. पॉइंट सोडायचा. त्र्याण्णव हव्या होत्या, तुमच्या एकोणनव्वद." त्यांनी चष्मा वर केला. "वाहनवाले चार धावांनी पराभूत."

"परत बघ."

"बघितलं."

"अरे, मी तुझा साडू आहे!"

आणि मास्तरांच्या तोंडून ते वाक्य गेलं. त्यांना ते आधी सुचलंही नव्हतं, शेडमधले चाळीस लोक ऐकतायत म्हणून आपोआप आलं. "तक्त्यात साडूचा रकाना नाही," मास्तर म्हणाले.

शेड हशाने दणाणली. ते वाक्य पुढे सहा महिने पेठेत फिरत होतं. उधार मागायला आलेल्या पाहुण्याला वाणीसुद्धा तेच ऐकवायचा. साडू मात्र हसला नाही. त्याने बॅट काखेत मारली, भर पावसात चालत गाडीपर्यंत गेला आणि जाता जाता ओरडला, "तो माणूस स्कोअर लिहितोय तोवर मी मैदानात पाय ठेवणार नाही!"

आणि नाही ठेवला. पण मोठी माणसं शपथेला पळवाट शोधतात तशी त्यानेही शोधली. दरवर्षी सामन्याच्या दिवशी तो शिकाऊ माणसाला गाडीत बसवायचा आणि सकाळपासून मैदानाभोवतीच्या रस्त्याने फेऱ्या मारायला लावायचा, ताशी दहाच्या वेगाने, कुंपणावरून मान लांब करून. मैदान डाव्या हाताला, त्यामुळे त्या दिवशी शिकायला आलेल्यांना फक्त डावीकडे वळता यायचं. पुढे कित्येक जण परीक्षेत त्यापायी नापास झाले. टेबलावर बसलेल्या मास्तरांना ती गाडी दर चार मिनिटांनी दिसायची. ते वर बघायचे नाहीत, पण वहीच्या समासात फेऱ्या मोजायचे. मागच्या वर्षी एकतीस झाल्या होत्या.

या भांडणाने सुखी झाले ते एकटे सासरे. आता रविवारी जावई वेगवेगळ्या वेळी यायचे, त्यामुळे अपेंडिक्स दोनदा सांगायला मिळायचं. मास्तरांचा जीव मात्र तुटायचा. "डॉक्टरच घाबरला," असं सासरे म्हणाले की मास्तर सवयीने पाय जरा पुढे सरकवायचे. कोणी पाय द्यायचं नाही. मग हसूही यायचं नाही. दीड तास ती गोष्ट ऐकताना हसू न येणं फार वाईट असतं. मास्तरांना साडूची आठवण यायची. बायको सोडून हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

यंदा सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तरांनी तक्ता काढला, तर शिलाईचा दोरा कुजून जागोजाग तुटलेला. म्हणून त्यांनी तो उसवायला घेतला. शेवटचा टाका निघाला, दोन तुकडे वेगळे झाले. मास्तरांनी ते इस्त्री फिरवून टेबलावर फाटीला फाट जुळवून ठेवले, आणि चष्मा पुसला. परत बघितलं, परत पुसला.

फाटलेल्या कडा जुळवल्या की उजव्या तुकड्यावरच्या ओळी डाव्या तुकड्याच्या ओळींसमोर बरोबर येत होत्या. आणि जुनी सुईची भोकं जुळवली, की उजवा तुकडा एक ओळ वर जात होता. बटणाच्या काजाएवढा. फार नाही.

मशीनवर दोन थर एकत्र घातले की एक जरा पुढे सरकतो, हे मास्तरांनी आजवर पन्नास पोरांना शिकवलं असेल. कापडाला ते टाचण्या लावायचे. कागदाला लावल्या नव्हत्या. आणि टोकाला वर आलेली पट्टी त्यांनी सफाईने कात्रीने उडवली होती, कारण उरलेलं कापणं हा हाताचा धर्म. तक्त्याची फोटोकॉपी मुळातच तिरकी, त्यामुळे मथळे वर-खाली दिसले तरी कोणाला काही वाटलं नाही. डाव्या तुकड्यावर शिल्लक ओव्हरचे आकडे आणि शून्य ते तीन विकेटचे रकाने होते, ते शाबूत. चार विकेटपासून पुढचे सगळे आकडे मात्र एका ओव्हरने चुकीचे.

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी सगळ्या वह्या काढल्या. तक्ता शिवल्यानंतर पाऊस तीनच सामन्यांत आला होता. दोनदा दोन विकेट गेल्या असताना. आणि एकदा सहा.

आठ ओव्हर, सहा विकेट. तेहेतीस नव्हे, छत्तीस. वापरले चौसष्ट. एकशे चाळीसचे चौसष्ट टक्के, एकोणनव्वद पॉइंट सहा. पॉइंट सोडायचा. एकोणनव्वद.

बरोबरी.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मास्तर दोन तुकड्यांसमोर पुतळ्यासारखे बसले होते. त्यांनी सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे नऊ वर्षं मी ताईकडे एकटी जातेय ती तुमच्या शिलाईपायी?"

"दोरा चांगला होता," मास्तर पुटपुटले.

"मग? भाऊजींना सांगणार ना?"

सांगायचं म्हणजे पेठभर छी-थू. ज्या माणसाच्या वहीवर दोन्ही संघ डोळे मिटून विश्वास टाकतात, त्याने स्वतःच्या धंद्यातली चूक करावी, आणि तीसुद्धा शिलाईत! उद्या लोक पँट नेताना दोन्ही पाय सारखे आहेत का ते मोजून नेतील. आणि साडू? तो तर गाडीवर भोंगा लावून गावभर फिरेल. त्यापेक्षा चार टाचण्या लावाव्यात, बरोबर शिवावं आणि ताकास तूर लागू देऊ नये. मास्तरांनी टाचण्यांचा डबा उघडलासुद्धा.

"ताई म्हणत होती," बायको सहज म्हणाली, "भाऊजींचा गुडघा बदलायचाय पुढच्या महिन्यात. यंदा खेळले तर खेळले. नंतर काही बॅट हातात धरायची नाही म्हणालेत डॉक्टर."

मास्तरांनी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही संघ मैदानात जमले, खुर्च्या लागल्या, माइकवाला हॅलो हॅलो करून दमला, पण स्कोअररचा पत्ता नाही. मास्तर वह्यांची पिशवी आणि तक्ता छातीशी धरून बाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते. समोरून गाडी आली, ताशी दहा. स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांची सातवी फेरी असावी, चेहरा पांढराफटक पडलेला. मास्तरांनी हात दाखवताच त्यांनी गाडी थांबवली, दार उघडलं आणि "तुम्हाला शिकायचंय? बसा, बसा," म्हणून उतरून धूम ठोकली. मास्तर स्टिअरिंगसमोर बसले. जन्मात पहिल्यांदा.

शेजारी साडू. त्याने मान वळवली नाही. पण स्टिअरिंगसमोर बसलेल्याला सूचना दिल्याशिवाय त्याला राहवणार नव्हतं. वीस वर्षांची सवय.

"सीटबेल्ट," तो समोरच्या काचेला म्हणाला.

नऊ वर्षांतला पहिला शब्द. मास्तरांचा सीटबेल्ट काही लागेना.

"क्लच दाबा. पूर्ण. पहिला गिअर. आता क्लच सोडा, हळू. हळू म्हटलं!"

गाडीने बेडूकउडी मारली आणि बंद पडली. तिसऱ्या खेपेला ती हलली. मास्तरांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की सुटलं तर आपण पडू.

"मला काही सांगायचंय," मास्तर म्हणाले.

"आरसा बघा."

"नऊ वर्षांपूर्वी मी..."

"पुढे वळण आहे. इंडिकेटर."

"मी चुकलो!"

"दिसतंय. वायपर लावलात तुम्ही. इंडिकेटर पलीकडचा."

कोरड्या काचेवर वायपर खरडत राहिले. ते बंद कसे करायचे हे मास्तरांना माहीत नव्हतं, म्हणून ते त्यांच्या आवाजावर ओरडून बोलले. "तक्ता शिवताना सरकला! उजवा तुकडा एक ओळ वर गेला! तुझं गणित मी चुकीचं केलं!"

साडूच्या पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक होता. तो त्याने असा दाबला की मास्तरांचा चष्मा डॅशबोर्डवर गेला. मागून एका टेम्पोने हॉर्न दिला. साडू पहिल्यांदा वळून बघत होता.

"किती?"

"छत्तीस. तेहेतीस नव्हे, छत्तीस. म्हणजे वापरले चौसष्ट, आणि एकशे चाळीसचे चौसष्ट टक्के..."

"एकोणनव्वद पॉइंट सहा," साडू म्हणाला. पापणीही न लवता. एकशे चाळीसचे एक ते शंभर, सगळे टक्के त्याला पाठ होते. नऊ वर्षांत त्याने रिकाम्या वेळी दुसरं काय केलं होतं?

"पॉइंट सोडायचा," मास्तर म्हणाले. "बरोबरी झाली होती."

"बरोबरी?" साडूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बरोबरी कसली? पाच धावांनी पुढे होतो मी!"

"सहा विकेट गेल्या होत्या!"

"गेल्या तर गेल्या! आणि तो पॉइंट सहा सोडायचा कशासाठी? कोणाच्या बापाचा आहे तो? इकडे दे!"

"अरे, तो धरलास तर तू हरतोस!"

"हरतो तर हरतो! पण पॉइंट सहाने! चार धावांनी नाही!"

मागे आता टेम्पो, दोन मोटारसायकली आणि एक दुधाची गाडी. सगळे हॉर्न वाजवत होते. वायपर खरडत होते. साडूने हात पुढे करून ते बंद केले, आणि मग एकदम त्याचा आवाज खाली आला. इतका खाली की तो साडूचा वाटेना.

"तक्त्यात साडूचा रकाना नाही म्हणालास."

मास्तरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"लोक हसले."

"हो."

"तूही हसलास."

"हसलो," मास्तर म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"चार धावांचं काय घेऊन बसलास? मी वर्षाला चाळीस जणांना नापास होताना बघतो. त्या संध्याकाळी मी वाट बघत होतो. म्हटलं, येईल. असेल तसा येईल. दोन कप चहा केला होता, स्वतः. दोन्ही मीच प्यायलो."

"मला वाटलं तू दार उघडणार नाहीस."

"नसतंच उघडलं!" साडू खेकसला. "पण यायला काय झालं होतं तुला?"

याला तक्ता नव्हता. मास्तरांनी चष्मा उचलला, तो डोळ्यांना लावायचा सोडून हातातच धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. शिलाईचं नाही म्हणत. ते तर चुकलंच. यायला हवं होतं."

साडूने नाक ओढलं, जोरात, दुधाच्या गाडीच्या हॉर्नइतकं. मग म्हणाला, "उतर. तू चालवलंस तर सामना संपल्यावर पोचू. आणि हे सगळं तिकडे माइकवर सांगायचंस. मोठ्याने."

मैदानाच्या फाटकातून साडूची गाडी आत आली तेव्हा वाहनवाले उठून उभे राहिले. साडू उतरला, गुडघा धरून, पण उतरला. मास्तर थेट माइकपाशी गेले. त्यांनी दोन्ही तुकडे वर धरले आणि सगळं सांगितलं. शिलाई, सरकलेली ओळ, छत्तीस, चौसष्ट, एकोणनव्वद. "नऊ वर्षांपूर्वीचा तो सामना बरोबरीत सुटला होता," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी माझ्या साडूची आणि दोन्ही संघांची माफी मागतो."

आता हशा पिकणार, म्हणून मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"कुठला सामना?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

मास्तरांनी एक डोळा उघडला. "नऊ वर्षांपूर्वीचा. पाऊस आला होता तो."

"तो आम्हीच जिंकलो होतो ना?" गॅरेजवाला टायरवाल्याला म्हणाला.

"मी नव्हतो तेव्हा. की होतो?"

"अहो, त्या वर्षी सामना झालाच नव्हता," चपलांचा दुकानदार, पेठेचा कप्तान, ठामपणे म्हणाला. "पावसाने रद्द झाला. मला पक्कं आठवतंय, आम्ही शेडमध्ये पत्ते खेळलो."

मास्तर आणि साडू एकमेकांकडे बघत राहिले. नऊ वर्षं! दोन घरांतल्या नऊ वर्षांच्या रविवारांचं वाटोळं झालं, आणि या लोकांना सामना झाल्याचंही आठवत नव्हतं. पूर्ण गावात तो दोघांनाच आठवत होता.

"झालाच नव्हता?" साडूच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक्केचाळीस काढल्यात मी! नाबाद!"

"आणि मी लिहिल्यात!" मास्तर माइकवरच ओरडले. "एकेक धाव लिहिलीय! पत्ते खेळलो म्हणे!"

"अहो, पण आजचा सामना सुरू करायचाय," कप्तान घड्याळाकडे बघत म्हणाला.

"खाली बसा!" दोघं एकदमच गरजले.

कप्तान मुकाट्याने बसला. त्याच्यामागे पंच बसले, गॅरेजवाला बसला, सगळेच बसले. मास्तरांनी पिशवीतून नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. टेबलापाशी खुर्ची एकच होती. साडूने ती ढुंगणाने अर्धी व्यापली, उरलेल्या अर्ध्यावर मास्तर टेकले, आणि त्यांनी घसा साफ केला.

"पहिली ओव्हर, पहिला चेंडू," मास्तर वाचू लागले. "धाव नाही."

"वाइड होता तो," साडू म्हणाला.

"नव्हता."

"होता! तू तरी काय बघतोस रे तिथे बसून?"

आणि मास्तरांना असं हसू फुटलं, की पुढचा चेंडू त्यांना बराच वेळ वाचता आला नाही.